सहा महिन्यांची मुदत

“मी मेलो काऊन नाई, तेवढं सांगा मॅडम.”

श्रावणने मेंदूच्या तपासणीची जुनी फिल्म टेबलावर ठेवली. मेंदूच्या डॉक्टर फरहा महिन्यातून एकदा नागपूरहून चंद्रपूरला येत. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. समोरच्या माणसाचा एक डोळा नाकाकडे वळलेला होता, तोंड वाकडं झालं होतं. वय असेल चाळीसच्या आसपास. शेजारी त्याची मुलगी हर्षा बसली होती, मांडीवर तान्हं बाळ घेऊन. बापाची जीभ जड पडत होती, म्हणून पुढचं तिनेच सांगितलं.

श्रावण कुरखेड्याच्या एका राइस मिलमध्ये मिस्त्री होता. नव्याण्णव साली त्याला एकाचे दोन दिसू लागले, चालताना तोल जाऊ लागला. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी, आणि हा माणूस सकाळीच झिंगत येतो, असं म्हणून मालकाने त्याला काढून टाकलं. दारूच्या थेंबाला तो कधी शिवला नव्हता. मग तपासणी झाली, फिल्म निघाली. ती पाहणाऱ्या डॉक्टरने मान वर करून त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेंदूच्या देठात गाठ आहे, ऑपरेशन होत नाही, सहा महिने काढेल. उगाच रेडिएशनचे शेक देऊन हाल करू नका, घरी न्या, काय उरकायचं ते उरकून घ्या. दोन मिनिटांत बोलणं संपलं.

श्रावणच्या घरात उरकण्यासारखं एकच होतं, हर्षाचं लग्न. ती सोळा वर्षांची होती, दहावीत, वर्गात पहिली. तिला नर्स व्हायचं होतं. दोन दिवस ती जेवली नाही. मग बापाकडे बघून तयार झाली. फेब्रुवारीत विहारात लग्न लागलं. मार्चमध्ये परीक्षा झाली तेव्हा ती सासरी भाताचं काड रचत होती.

सहा महिने गेले. वर्ष गेलं. मग दुसरंही सरलं. गावातले लोक श्रावणला बघून आता चपापत.

फरहांनी फिल्म उजेडावर धरली. दवाखान्याने येण्याआधीच नवी काढायला लावली होती, तीही शेजारी धरली. दोन्हींत फरक अगदी थोडा होता. त्यांचा चेहरा लाल झाला.

“भाऊ, तुम्हाला जे सांगितलं, ते लहान मुलांच्या गाठीचं. मोठ्या माणसांत ही गाठ बहुतेकदा हळू वाढते. शेक तेव्हाच सुरू व्हायला हवे होते. ते सहा आठवडे नागपूरला आताही देता येतील. खात्री देत नाही मी. पण महिने मोजू नका, वर्षं मोजा.”

 श्रावणने त्या पहिल्या डॉक्टरला एक सणसणीत शिवी हासडली. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जगायला मिळणार होतं. त्याने लेकीचा हात धरला.

“ऐकलं का हर्षा? तो लेकरांचा आकडा होता. मले लागूच नव्हता.”

हर्षाने बाळ उचलून खांद्यावर घेतलं.

“हो बाबा,” ती म्हणाली. “लेकराचाच होता. लेकरालेच लागला.”