शिरेच्या तोंडाशी

पेसमेकर बसवताना उत्तराकाकू जाग्याच होत्या, आणि नर्सला रंगवून सांगत होत्या. “संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारीण आली. मी दारातूनच परत पाठवली. खरी कधीच मेली, ही कंपनीने बनवलेली कॉपी. तिला कसलं वाण द्यायचं?”

डॉक्टर बोरवणकर हृदयामागच्या कॉरोनरी सायनस या शिरेत तार सरकवत होते. त्यांचा हात थबकला.

“काकू, या शिरेच्या तोंडाशी बारीकशी झडप असते. कॉपीत ती नसते. तिथे कंपनीचा शिक्का असतो.”

“बरं, मग?”

डॉक्टरांनी मॉनिटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. गोल शिक्का लख्ख दिसत होता.

काकूंनी काचेपलीकडे पाहिलं. नवऱ्याने तोंड ओंजळीत लपवलं होतं.

“अहो,” त्या पुटपुटल्या, “मी कधी मेले?”