नमुन्याची खोली

फरशी की माती, एवढं एकच ठरायचं राहिलं होतं, आणि त्या एकापायी तिघंही मेटाकुटीला आले होते.

मिटमिट्याच्या पुढे, डोंगराच्या अंगाला इंद्रजीतचा प्लॉट. झाड म्हणून एक नाही. आर्किटेक्ट राजनंदिनीनं नकाशा इतक्यांदा बदलून दिला होता की आता तिला तो बघवत नव्हता. दाबलेल्या मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा, छतावरचं पाणी साठवायला जमिनीत टाकी, बाबासाहेबांच्या फोटोवर सकाळचं ऊन पडेल असा कोनाडा. बँकेत दिवसभर एसीत बसणाऱ्या इंद्रजीतला सगळं पटलं होतं. घर आईसाठी बांधतोय, हे तो भेटेल त्याला सांगायचा. आईनं एकदोनदा फरशीचं काढलं, तर "बघू गं" म्हणून विषय बदलायचा.

आज पारूबाई ठरवून आली होती. उस्मानपुऱ्यातून निघाल्यापासून, स्कूटीवर पोराच्या मागं बसून, ती एकच वाक्य घोकत होती. मला फरशीच पाहिजे, पांढरी. सोयगावकडच्या गावी तिनं स्वतःचं घर सारवलं होतं, आणि पोटासाठी दुसऱ्यांच्या ओसऱ्याही. आता ओला कपडा फिरवावा आणि पाय लांब करून खाली बसावं, एवढंच तिला हवं होतं. मुलीच्या, विशाखाच्या घरी ती तशी बसायची. मागणं काही फार मोठं नव्हतं.

नमुना दाखवायला गवंड्यानं कोपऱ्यातली एक लहानशी खोली आधी उभी केली होती. वर पत्रे, खाली चोपून बसवलेली माती आणि तिच्यावर शेणाचं सारवण. प्लॉटवर सावली काय ती तेवढीच.

"काकू, चप्पल काढून उभ्या राहून बघा," राजनंदिनी म्हणाली. "उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार."

पारूबाई उभी राहिली. जमीन गार होती, खोटं कशाला बोलायचं?

"चांगलंय, म्याडम. पन सारवायचं कोनी?"

"आठवड्यातनं एकदा हात फिरवला की झालं."

"हात कोनाचा?"

इंद्रजीत घाईनं म्हणाला, "बाई लावू ना, आई."

"भांड्याला बाई टिकंना आपल्याकडं. सारवायला येती व्हय?"

इंद्रजीतनं कपाळ चोळलं. मॅडमना घेऊन तो बाहेर गेला. विटांच्या थप्पीवर नकाशा पसरून दोघं पुन्हा बोलायला लागले. फरशी म्हटली की भट्टीचं जळण आलं, लांबून येणारे ट्रक आले, हे सगळं आत ऐकू येत होतं. आता दोघं परत आले की सांगून टाकायचं, असं पारूबाईनं मनाशी म्हटलं.

एकटी राहिली आणि तिची नजर कोपऱ्यावर गेली.

कोपरा बिघडला होता. शेणाचा काला पातळ झालेला, मधेच काड्यांचा गोळा, बोटांचे फराटे एक इकडं, एक तिकडं. गवंडीच तो, त्याला सारवणाचं काय कळणार? तिनं तोंड फिरवलं. लांबचा दौलताबादचा किल्ला बघितला, उन्हात तापलेलं माळरान बघितलं. पुन्हा नजर कोपऱ्यावर. जित्याची खोड, दुसरं काय!

घमेल्यात उरलेला शेणकाला सुकून घट्ट झाला होता. तिनं त्यात थोडं पाणी घातलं, पदर खोचला आणि तेवढा कोपराच सारखा करायचा म्हणून उकिडवी बसली. कोपरा नीट झाला, तर शेजारचं वाईट दिसायला लागलं. ते केलं, तर त्याच्या शेजारचं. हात अर्धगोल फिरत राहिला, आणि कुरकुरणारे गुडघे मागं मागं सरकत राहिले. दाराबाहेर आली तेव्हा कुठं तिला भान आलं.

पाठीमागं राजनंदिनी मोबाइलवर फोटो काढत होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि त्यात नाटक नव्हतं. "अहो काकू, काय सुंदर हात आहे तुमचा! सर, जमीन हीच. आता दुसरं काही बघायचंच नाही."

"आणि घरी म्हणे फरशी पाहिजे," इंद्रजीत हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "आई, तुझ्या मनात हेच होतं बघ. उगं आढेवेढे घेतेस." नकाशावर जिथं फरशी लिहिली होती तिथं त्यानं काट मारली.

"कोपरा वंगाळ दिसत व्हता, म्हनून बसले," पारूबाई म्हणाली. "मला फरशीच पाहिजे, इंद्रजीत. पांढरी."

निघालं एकदाचं वाक्य. पण मनगटापर्यंत शेणानं भरलेले हात पुढं धरून ते बोललं, तर कोणाला खरं वाटणार?

"आता परत नको गं, आई. लई दमलोय सगळे." त्याच्या आवाजात राग नव्हता. "चल, ऊन लागंल तुला. आत सावलीत बस जरा. मी हात धुवायला पाणी आणतो."

पारूबाईनं खोलीकडं पाहिलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमीन ओलीगच्च होती. पाऊल टेकवायलाही कोरडी जागा उरली नव्हती.

"बसू कुठं?" ती म्हणाली.