शेजारची तुती

“फार वाईट झालं हो काका,” कातारी म्हणाला, आणि आडव्या पडलेल्या तुतीकडे बघून त्याला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. वाऱ्याने झाड मुळासकट लोळवलं होतं. शेजारचे काका पायरीवर बसले होते. “घेऊन जा,” ते म्हणाले. “सगळं तुझंच.” कातारी करवत आणायला पळत सुटला. करवत खिशात मावत असती, तर तो येतानाच घेऊन आला असता.

‘घेऊन जा’ या एका वाक्यासाठी त्याने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. हाती लागेल त्या झाडाचा ओंडका लेथवर चढवून वाडगा कातून बघायचा, हे त्याचं वेड. बाभळीने पटाशीची धार खाल्ली. निलगिरी सुकता सुकता तडकली. कडुलिंब देखणा निघाला, पण त्यात ठेवलेलं सफरचंदही कडू लागतं, अशी बायकोची तक्रार होती. “आता वाडगे आत झोपवू आणि आपण बाहेर,” ती म्हणायची. राहिली होती फक्त तुती. कातल्यावर हळदीसारखी पिवळी दिसणारी, मग हळूहळू तांबूस होत जाणारी. आणि जवळपास तुती एकच होती, काकांच्या अंगणात.

सरळ मागायची लाज वाटली. म्हणून तो रोज संध्याकाळी काकांकडे बुद्धिबळ खेळायला जाऊ लागला आणि हरू लागला. हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. काका इतकं वाईट खेळत, की त्यांच्याकडून हरायला डोकं लागे. शिवाय हाव दिसू नये म्हणून तो तुतीकडे पाठ करूनच बसे. “झाड वठत चाललंय, पुढच्या वर्षी पाडू,” असं काका अधूनमधून म्हणत, की कातारी खूश होऊन आणखी एक घोडा घालवी.

करवत बुंध्यात वीतभर गेली आणि भसकन आत घुसली. आतून वाळवीची माती सांडली. बुंधा पोकळ होता, जाड फांद्याही पोकळ. वाडगा सोडाच, त्यातून चमचाही निघाला नसता.

कातारी मटकन खाली बसला. “काका, हे आतून पोकळ आहे!”

“तू यायला लागलास त्याच्या आधीपासून आहे,” काका म्हणाले. “सांगितलं असतं, तर आला असतास?”

कातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मग मीही सांगतो. मी रोज मुद्दाम हरत होतो!”

“मग आज जिंक,” म्हणत काकांनी पट मांडला.

तो इरेला पेटून खेळला. थोड्याच वेळात काकांचा राजा कोपऱ्यात सापडला. चाल कातारीची होती आणि त्या चालीला मात होती. डाव संपला की हा माणूस उठणार आणि पुन्हा येणार नाही, हे काकांना दिसत होतं.

“घरामागे नासपतीचं जुनं झाड आहे,” पटावरून नजर न हलवता ते म्हणाले. “बघ आवडतंय का.”

कातारी उठून मागे गेला. बुंध्यावर बोटं वाजवली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. त्याला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला आणि तेवढीच माया आली. तो परत येऊन बसला.

“कसं आहे लाकूड?” काकांनी विचारलं.

“एक नंबर,” कातारी म्हणाला, आणि त्याने वजीर हत्तीच्या तोंडी दिला.