एका मुलामागे एक हात

पालकसभेत मुख्याध्यापिकाबाईंनी हात वर करायला सांगितलं आणि खारूच्या बापाचा हात वर गेला. शेजारी बसलेल्या खारूच्या आईने तो कोपराला धरून खाली ओढला.

प्रश्न साधा होता. आठवीपर्यंतच्या परीक्षा आणि नंबर बंद करायचे की चालू ठेवायचे. नियम मात्र शाळेने यंदा नवा काढला होता, एका मुलामागे एकच हात. मागच्या सभेत नवराबायको दोघंही हात वर करत होते, आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पालकांनी त्यावर तक्रार केली होती. तक्रार रास्तच होती. पण त्यामुळे आज नवराबायकोचं आधी आपसात जुळायला हवं होतं, आणि इथेच या दोघांचं घोडं अडलं होतं.

तो छापखान्यात दुसऱ्या पाळीला. ती दवाखान्यात नर्स, दिवसपाळीला. खारू दुपारी शाळेतून आली की तिला वाढायचं काम त्याचं. तो कामावर निघाला की थोड्या वेळाने ती घरी पोचायची. रविवारी ती घरी असे तेव्हा तो जेवणाच्या वेळेपर्यंत झोपलेला, आणि उठला की कामावर. नवराबायकोचं बोलणं बहुतेक फोनवरच होई. त्यांच्यात भांडणं फारशी नव्हती. भांडायलाही दोघांनी एका वेळी घरात असावं लागतं.

सभेत दोघंही बोलून चुकले होते. तो म्हणाला होता, माझी मुलगी घरी आल्यावर दप्तर कोपऱ्यात टाकते ते मी निघेपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आम्ही पत्ते खेळतो, पोरगी पोट धरधरून हसते. हसत्याखेळत्या मुलीच्या मानेवर कशाला ते परीक्षेचं जोखड? त्यावर ती उठली. मी येते तेव्हा खारू पुस्तकात डोकं घालून बसलेली असते, म्हणाली. मला चकार शब्द बोलावा लागत नाही. तिला अभ्यासाची मनापासून गोडी आहे, परीक्षा गेली तर ती कशासाठी बसेल? मागच्या रांगेतल्या कुणीतरी मग विचारलं, तुमच्या घरी मुली दोन आहेत का? मोठा हशा पिकला.

तो हसला नाही. बायको चारचौघांत बढाया मारतेय असं त्याला वाटलं, आणि तिलाही त्याच्याबद्दल तेच वाटत असणार. राग मात्र आला नाही. या विषयावरचा राग कधीच आटून गेला होता. पाय मुडपून फार वेळ बसलं की पायाला जशा मुंग्या येतात, तसं काहीतरी आत झालं होतं.

हात मोजले तर दोन्ही बाजू बरोबरीत आल्या. उरला तो यांचाच हात. सगळं सभागृह मान वळवून दोघांकडे बघू लागलं.

"मुलगी खालीच आहे ना?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "मग तिलाच विचारून या. आम्ही चहा घेतो तोवर."

खारू तिच्या वर्गात बसली होती, कारण घरी आज कुणीच नव्हतं. जिन्यात वर्गशिक्षिकेने बायकोला बोलण्यात गुंतवलं, म्हणून तो पुढे झाला. आता दूध का दूध, पाणी का पाणी होऊन जाईल, असं त्याच्या मनात आलं. आपलंच खरं ठरणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

वर्गाच्या खिडकीपाशी तो थांबला. खारू बाकावर एकटीच होती. पुढ्यात पुस्तक नव्हतं, हातात खेळ नव्हता. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. चेहरा असा की त्यावर काही म्हणजे काहीच नाही. कंटाळासुद्धा नाही. बस नसलेल्या थांब्यावर माणसं अशी बसलेली असतात. आपल्या मुलीचा हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता, आणि तो घाबरला.

तेवढ्यात बायको मागून आली आणि त्याला ओलांडून सरळ आत गेली. तिला पाहताच खारूने दप्तरातून पुस्तक काढून उघडलं. कपाळावर आठी आली, ओठ पुटपुटू लागले. बायकोने वळून त्याच्याकडे पाहिलं. बघितलंत ना, असं तिच्या डोळ्यांत होतं.

तो दारात आला. खारूची नजर त्याच्यावर गेली मात्र, पुस्तक मिटलं, गालाला खळी पडली.

"बाबा, पत्ते आणलेत?" तिने विचारलं. आणि ती खळखळून हसली.

याच हसण्याच्या जिवावर तो वर भरसभेत बोलून आला होता.

मग आई अजून तिथेच उभी आहे हे खारूच्या लक्षात आलं. तिचा हात पुन्हा पुस्तकाकडे गेला आणि मध्येच थांबला. हसू तिने थोडं कमी केलं, परत थोडं वाढवलं. नक्की कितीवर ठेवायचं ते तिला कळेना. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

विचारायलाच खाली आले होते, म्हणून आईने विचारलं. "खारू, खरं सांग बाळा. परीक्षा हव्यात की नकोत?"

खारूने आधी आईकडे पाहिलं, मग बाबाकडे. ती रडली नाही, बावरलीही नाही. चेहऱ्यावरचं होतं नव्हतं ते सगळं तिने आवरून घेतलं.

"तुम्ही दोघं एकदम येणार होतात," ती म्हणाली, "तर मला आधी सांगायचं ना."