एकाच नंबरवर नऊ

“सगळ्यात वरचा आकडा किती आला?” डॉक्टरबाईंनी खांद्यामागून विचारलं.

“काढते, मॅडम,” आकडेवाली म्हणाली. सगळं ऑफिस तिला याच नावाने ओळखायचं. आज ती डाव्या हातानेच टाइप करत होती. उजव्या हाताच्या बोटांना पट्टी होती. कपाटाच्या दारात हात सापडला, असं तिने सकाळीच सांगून टाकलं होतं, कुणी विचारायच्या आत.

शहरातल्या अकरा दवाखान्यांनी अपघात विभागाच्या वर्षभराच्या फायली पाठवल्या होत्या. एक्सेलमध्ये उघडायला जावं तर संगणक मान टाकायचा. म्हणून ती काळ्या पडद्यावर एका ओळीचा हुकूम लिहायची: फायली जोड, फोन नंबराने गट पाड, मोज, मोठा आकडा वर आण. रकाने तिने तीनच मागितले, नंबर, जखम आणि कारण. वरचा बाण दाबला की मागचा हुकूम परत येतो, एवढं तिने बाईंनाही शिकवून ठेवलं होतं.

एका दवाखान्यात दुसऱ्यांदा जायचं नाही, हा तिच्या घरचा नियम. फायली वेगवेगळ्या होत्या तोवर तो बिनबोभाट चालला. आता त्या एकत्र आल्या की बिंग फुटणार होतं. आपला नंबर वगळायला एक शब्द पुरला असता, पण बाई जागच्या हलायला तयार नव्हत्या.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

“किती वाजता येतेस?” रोज विचारायचा.

“साडेसहा.”

“नक्की साडेसहा?”

“सांगितलं ना.”

तिने फोन टेबलावर ठेवला आणि एंटर दाबलं.

“एकाच नंबरवर नऊ?” बाई पुढे झुकल्या. “जखमा दाखव.”

मोडलेली बरगडी. मनगटावर उकळतं तेल. पुढचे दोन दात. फाटलेला कानाचा पडदा. डोक्याला चौदा टाके. कारणं काय, तर जिना, ओली फरशी, पुन्हा जिना.

“जिना कसला, कसाईखाना आहे हा!” बाई कडाडल्या. “दहाव्यांदा पडली तर मरेल बिचारी.”

आकडेवालीच्या कानात कालचा आवाज घुमला. आधी इस्त्रीचा, मग हाडाचा.

बाईंनी स्वतःच्या मोबाइलवरून तो नंबर लावला. टेबलावरचा फोन थरथरला.

बाईंची नजर फोनवरून पट्टीवर गेली. “अगं... तू?”

तिने तोंड झाकून घेतलं. रडू खरंच आलं होतं. “मॅडम, पाया पडते, हे बाहेर जाऊ देऊ नका. माझं घर मोडेल.”

“घर कसलं घेऊन बसलीस? इथे हाडं मोडतायत!” बाईंनी तिला जवळ घेतलं. “आज घरी जायचं नाहीस. पोलिसांना मी बोलावते. तक्रारीला पूर्ण नोंदी लागतील.”

“नको, मॅडम!” ती कीबोर्डवर झेपावली.

“घाबरू नकोस गं, मी आहे ना.” बाईंनी एका हाताने तिला धरून ठेवलं, दुसऱ्याने वरचा बाण दाबला, रकान्यांची अट खोडली आणि एंटर दाबलं.

नऊ ओळी पूर्ण उलगडल्या. प्रत्येकीत तेच होतं. रुग्ण: पुरुष, वय छत्तीस. सोबत आलेली व्यक्ती: पत्नी.