मॅडम, फाउल!

पिवळं कार्ड डोळ्यांसमोर आलं तेव्हा कप्तानाला खरंच कळेना, आपण केलं काय. त्याने पाय घातला नव्हता की हात लावला नव्हता. तोंडातून शिवी गेली नव्हती, आणि ही तर त्याच्या बाबतीत कौतुकाचीच गोष्ट. समोरच्याने जर्सी ओढली म्हणून तो फक्त "मॅडम, फाउल!" असं ओरडला होता.

"पण मी काय केलं, मॅडम?" त्याने कळवळून विचारलं.

पंचाचे कान लालबुंद झाले. चांगला उंचापुरा गडी, नाकाखाली झुपकेदार मिशी. त्याचा हात पुन्हा खिशाकडे गेला. दुसरं पिवळं कार्ड म्हणजे खेळाडू थेट बाहेर, हे वेळेवर आठवलं म्हणून थांबला. प्रेक्षकांत हशा पिकला.

कप्तानाचा तरी काय दोष? त्याच्या पिढीने या मैदानावर पुरुष पंच पाहिलेलाच नव्हता. पूर्वी असायचे. पण निर्णय विरोधात गेला की त्यांना पळता भुई थोडी व्हायची. शेवटचा पंच भर सामन्यात कुंपणावरून उडी टाकून गेला, तो गेलाच. मैदान सुधारलं पाहिजे, असं म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. उठल्या मात्र एकट्या समोरच्या खेळसाहित्याच्या दुकानातल्या बाई. विकायला टांगलेली शिट्टी त्यांनी खाली काढली, दुकानाचं शटर ओढलं आणि राहिलेला सामना पुरा केला. पुढे नियम पाठ केले, परीक्षा दिल्या, मुलींना तयार केलं, मुलींच्या मैत्रिणींना तयार केलं. छातीठोक बाई. आता इथे पंच म्हटलं की मुलगीच उभी राहणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं.

आजच्या अंतिम सामन्याला बाईंची धाकटी मुलगी उभी राहायची होती. ऐन वेळी तिचा पाय मुरगळला. बाकीच्या सगळ्या दुसऱ्या मैदानांवर अडकलेल्या. परीक्षा पास झालेलं, धडधाकट आणि मोकळं माणूस एकच उरलं, ते म्हणजे तिचा नवरा. बाईंचा जावई.

मध्यंतर होताच जावई तरातरा बाईंसमोर आला आणि गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्यापुढे धरली.

"घ्या आई. मी चाललो."

"का हो? ऊन लागलं?"

"चेष्टा चाललीय माझी. सगळी टीम मला मॅडम म्हणतेय!"

"चेष्टा नाही करत ती मुलं. तोंडात बसलंय त्यांच्या." बाईंनी शिट्टीला हातही लावला नाही. "चेष्टा असती तर तुमचं कार्ड तरी शोभलं असतं."

जावई खाली बसला. मिशी पार खाली आली होती बिचाऱ्याची.

"मीच उतरले असते," बाई म्हणाल्या, "पण गुडघे ऐकत नाहीत. तुम्ही गेलात तर सामना इथेच संपला. आणि इतक्या वर्षांनी लोक परत म्हणतील, पंच पळाला."

"मग त्यांना सर म्हणायला सांगा."

बाईंना हसू फुटलं. "मला आधी काय म्हणायचे माहितीये? वहिनी. 'वहिनी, जरा आपल्या पोरांकडे बघा की.' म्हातारे होते ते ताई म्हणायचे. नातं लावलं की निर्णय फिरेल असं वाटायचं सगळ्यांना. नाही फिरला. मग हळूहळू मॅडम म्हणायला लागले." त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. "पाणी प्या. आणि कार्ड खेळासाठी असतं जावईबापू, रागासाठी नाही."

जावई पाणी प्यायला. शिट्टी गळ्यात घातली, पण मनातून उतरलेलीच होती.

उत्तरार्ध चुरशीचा झाला. बरोबरी काही सुटेना. शेवटची काही मिनिटं उरली असताना कप्तानाच्याच संघाच्या गोलसमोर गर्दी उडाली आणि चेंडू त्याच संघातल्या एकाच्या कोपराला लागून खाली पडला. कोपर अंगापासून चांगलं लांब होतं. जावयाने ते स्वच्छ पाहिलं. शिट्टी वाजली. पेनल्टी.

मैदानावर एकच गलका उठला. गोलरक्षक गोल सोडून धावत आला. याला सगळे डोंगर म्हणायचे, आणि उगाच म्हणत नव्हते. मागून आणखी पाच-सहा जण आले. जावयाभोवती कडं पडलं. डोंगराने छातीने त्याला मागे रेटलं. जावई एक पाऊल सरकला, आणखी एक सरकला. कुंपण पाठीमागे किती लांब आहे, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

इतक्यात गर्दी फोडून कप्तान आत घुसला. रागाने त्याचा चेहरा नुसता लाल झाला होता. जावयाने डोळे मिटून घेतले.

कप्तानाने डोंगराची कॉलर धरली आणि त्याला गर्रकन मागे फिरवलं.

"डोकं फिरलंय का तुझं? कुणाच्या अंगावर जातोयस?"

"अरे, पण आपला कप जाईल!"

"जाऊ दे. मॅडमनी दिलंय ना? मग दिलं. हो मागे!"

डोंगर मागे झाला. त्याच्यापाठोपाठ सगळेच निमूट पांगले. चेंडू ठिपक्यावर ठेवला गेला. आणि मॅडम मिशीवरचा घाम पुसून, शिट्टी ओठांत धरून, ताठ उभे राहिले.