प्रयोगशाळेचा बेत

"माझा हात आत जात नाही. तू घाल," शेडगे सर म्हणाले, आणि केतकीने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला. पहिलारू म्हैस अडली होती; पोटात रेडकाची मान मागे वळली होती.

जनावरांच्या डॉक्टरकीला आल्यापासून केतकीचा एकच बेत होता: पुढे प्रयोगशाळेत नोकरी धरायची, म्हणजे जनावराला हात लावायला नको. गोठ्यात शिरायलाच ती भ्यायची, हे तिने चार वर्षं कुणाला कळू दिलं नव्हतं. सुट्टीत ती रक्ततपासणी शिकली. प्रात्यक्षिकाला कायम मागे उभी राहिली.

आज पुढे उभं राहायला दुसरं कुणीच नव्हतं. बोटांना ओलं नाक लागलं. जबडा धरून तिने मान हळूच सरळ केली. पुढच्या कळेला सरांनी ओढलं आणि रेडकू गवतावर घसरलं, शिंकलं.

"अगं पोरी, हसतेस काय? पूस त्याला!" म्हशीच्या मालकीणबाई ओरडल्या.

केतकी खसाखसा पुसू लागली.

"प्रयोगशाळेसाठी तू मागितलेली शिफारस आजच करतो," सर म्हणाले.

"राहू द्या, सर."

चार वर्षांत पहिल्यांदाच तिने गोठ्यात छातीभर श्वास घेतला, शेणाच्या वासासकट.